बेडसेचा पिंडपातिक आणि न हलणारा काटा

१/
मावळातील बेडसे लेण्यात, चैत्यगृहाच्या जवळ, एक छोटा स्तूप आहे. त्यावरील ब्राह्मी लेख गोभूति नावाच्या भिक्षूचे स्मरण करतो. त्याचा शिष्य आसाळमित याने हा स्तूप करविला. लेखात गुरूची ओळख मोजक्या शब्दांत दिली आहे : तो 'आरणक', म्हणजे अरण्यात राहणारा होता आणि 'पेंडपातिक', म्हणजे केवळ भिक्षान्नावर जगणारा होता. माणसाची ओळख त्याच्या आहाराच्या नियमावरून कोरून ठेवणारा असा लेख विरळाच.

२/
आहाराचा नियम आणि त्याला शरीराने दिलेले उत्तर हा विषय आज एका वेगळ्याच ठिकाणी ऐरणीवर आला आहे. लठ्ठपणावरील बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने वजन झपाट्याने उतरते आणि मग एके दिवशी काटा थांबतो. आठवडे जातात, खाणे तेवढेच अल्प असते, तरी आकडा हलत नाही. डॉक्टर याला 'प्लॅटो' म्हणतात, मराठीत पठार. अनेकांचा समज होतो की आपलाच निश्चय कमी पडला. हा समज का चुकीचा आहे आणि हे पठार कसे ओलांडले जाते, याचा इतिहास या थ्रेडमध्ये.

३/
आरंभ बेडसेपासूनच. कामशेतहून पवना खोऱ्याकडे जाताना लागणाऱ्या डोंगरात हे लेणे इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास खोदले गेले. कार्ले व भाजे ही लेणी याच परिसरात आहेत. कोकणातील बंदरांतून घाट चढून देशावर येणारा व्यापारी मार्ग येथून जात असे. चैत्यगृहाच्या ओसरीत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. पाण्याच्या टाक्याजवळ सामडिनिका या महारठिनीच्या दानाचा लेख आहे. पाणी आणि निवारा दानातून मिळाला. अन्नासाठी मात्र भिक्षूंना डोंगर उतरून गावात जावे लागे.

४/
त्या अन्नालाही वेळेचे बंधन होते. विनयाच्या नियमानुसार मध्यान्हानंतर दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत भोजन वर्ज्य असे. याहून कठोर व्रते ऐच्छिक होती. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात अशी तेरा 'धुतांगे' सांगितली आहेत. एकाच बैठकीत जेवणे, एकाच पात्रात येईल तेवढेच घेणे आणि केवळ भिक्षाटनावर राहणे ही त्यांपैकी तीन. गोभूतीने यातले शेवटचे स्वीकारले होते. हे सर्वांना सहज जमत नसे. भद्दाली नावाच्या भिक्षूने एकभुक्त राहण्यास स्पष्ट नकार दिल्याची कथा 'मज्झिमनिकाया'त आहे.

५/
येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बौद्ध परंपरेत मिताहाराला मान आहे, उपासमारीला नाही. बोधीपूर्वी गौतमाने आहार इतका घटवला होता की शरीराचा सापळा उरला. गांधार शैलीतील उपोषित बुद्धाची प्रसिद्ध मूर्ती लाहोरच्या संग्रहालयात आहे, त्यात बरगडी न् बरगडी मोजता येते. तो मार्ग निष्फळ ठरला म्हणून गौतमाने तो सोडला, अन्न घेतले आणि मध्यम मार्ग धरला. शरीराला उपाशी ठेवून जिंकता येत नाही, हा अनुभव या परंपरेच्या पायाशीच आहे.

६/
याच परंपरेत वजन उतरवण्याची एक जुनी आणि तपशीलवार कथा सापडते. 'संयुत्तनिकाया'तील एका सुत्तात कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन, धापा टाकीत बुद्धाकडे येतो. बुद्ध एका गाथेत त्याला सांगतात की जो जाणीवपूर्वक, मात्रा ओळखून जेवतो, त्याच्या व्यथा कमी होतात आणि त्याला वार्धक्य सावकाश येते. राजामागे सुदर्शन नावाचा तरुण उभा असतो. राजा त्याला ती गाथा पाठ करायला सांगतो आणि जेवणाच्या वेळी रोज म्हणून दाखवण्यासाठी शंभर कार्षापणांचे वेतन ठरवून देतो.

७/
पुढील कार्यपद्धती 'धम्मपदा'च्या अट्ठकथेत येते. राजाचा शेवटचा घास उरला की तरुणाने गाथा म्हणायची. राजा तो घास बाजूला ठेवणार. त्या घासात जितका भात असेल तितका पुढच्या वेळी कमी शिजवायचा. अशा रीतीने, एकेका घासाने, राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला. नाळी हे द्रोणाच्या मानाने कितीतरी लहान माप. सुत्ताच्या अखेरीस राजा आपल्या हलक्या झालेल्या अंगावरून हात फिरवतो आणि कृतज्ञता व्यक्त करतो.

८/
कथेतील तीन गोष्टी आजच्या वाचकाने टिपून ठेवाव्यात. पहिली, घट क्रमाक्रमाने झाली. दुसरी, प्रत्येक वेळी माप घेतले गेले. तिसरी आणि महत्त्वाची, राजाने हे काम केवळ स्वतःच्या निर्धारावर सोडले नाही. ताटाजवळ रोज आठवण करून देणारा माणूस त्याने वेतन देऊन नेमला. शस्त्रक्रियेनंतरच्या नियमित पाठपुराव्याचे महत्त्व आजचे वैद्यकशास्त्र सांगते, त्याचेच हे जुने रूप.

९/
भिक्षूंनी संयमाचा विचार केला, वैद्यांनी शरीराचा. 'चरकसंहिते'च्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश या दोन अवस्थांची चर्चा करतो. अतिस्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन व व्यायामाचा अभाव यांच्याबरोबर तेथे 'बीजस्वभाव', म्हणजे जन्मजात प्रकृती, हेही कारण दिले आहे. स्थूल माणसाची भूक तीव्र असते हे चरकाने लठ्ठपणाच्या दोषांमध्येच गणले. मेदाने मार्ग अडले की कोठ्यातील वायू अग्नी चेतवतो आणि अन्न लवकर जिरून पुन्हा भूक लागते, अशी त्याची मीमांसा.

१०/
ही मीमांसा आज शब्दशः स्वीकारता येत नाही, पण तिचा रोख लक्षणीय आहे. भुकेला येथे केवळ चारित्र्याचा दोष मानलेले नाही, ती शरीराच्या अवस्थेतून उपजते असे म्हटले आहे. कृशापेक्षा स्थूलाची चिकित्सा अवघड, अशी कबुलीही त्याच अध्यायात आहे. आहार पचायला जड पण पोषणाने हलका असावा आणि व्यायाम क्रमाने वाढवावा, असा उपाय सुचवलेला आहे. प्रसेनजिताच्या कथेतील 'क्रम' येथेही भेटतो.

११/
निरीक्षण होते, मीमांसा होती, पण उपाशी शरीर नेमके काय करते याचे काटेकोर मोजमाप व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धात युरोपात उपासमार पसरली होती. युद्धानंतर या माणसांना पुन्हा कसे पोसावे, हे शोधण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४ च्या अखेरीस एक प्रयोग सुरू केला. शस्त्र धरण्यास नैतिक कारणाने नकार देणारे ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. २४ आठवडे त्यांना रोज सुमारे १,५७० कॅलरींचा आहार आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे, असा नेम होता.

१२/
त्यांचे वजन सरासरी एक चतुर्थांशाने घटले. मात्र घट सर्व काळ सारखी नव्हती. आरंभी ती वेगवान होती, अखेरीकडे वजनाची रेषा आडवी होत गेली. विश्रांतीच्या स्थितीत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, ती सुमारे ४० टक्क्यांनी उतरली होती. नाडी मंदावली, अंग थंड पडू लागले, मन अन्नाभोवतीच घोटाळू लागले. या तरुणांपैकी कोणी लठ्ठ नव्हते, निश्चयाचीही वाण नव्हती. तरी पठार आले. उत्पन्न घटले की घर जसा खर्च आवरते, तसा शरीराने आपला खर्च आवरला होता.

१३/
त्याच मिनेसोटा विद्यापीठातून लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक आरंभीचा टप्पा पुढे आला. १९५४ मध्ये क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी लहान आतड्याच्या भागांच्या पोषणातील महत्त्वावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे नेण्याची शस्त्रक्रिया त्यातून पुढे आली. वजन उतरे, पण अतिसार, मुतखडे आणि यकृताचे गंभीर विकार मागे लागत. अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली. शरीराला केवळ पोषणापासून वंचित ठेवण्याची किंमत पुन्हा एकदा दिसली.

१४/
१९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी चिकाशी इटो यांच्यासह गॅस्ट्रिक बायपासचा मार्ग धरला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन कमी राहते, हे निरीक्षण त्यामागे होते. पुढे दुर्बिणीतून, लहान छिद्रांद्वारे शस्त्रक्रिया होऊ लागली. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करणारी 'स्लीव्ह' पद्धत एकविसाव्या शतकात जगभर रूढ झाली. आज महाराष्ट्रातही मुंबई-पुण्यापासून इतर शहरांपर्यंत या शस्त्रक्रिया होतात.

१५/
जठर लहान झाल्याने माणूस कमी खातो, एवढेच स्पष्टीकरण मात्र अपुरे ठरले. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिनचा शोध लावला. शरीरातील चरबीचा साठा किती आहे याची वार्ता हे संप्रेरक मेंदूला देते. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा व कांगावा यांना भूक चेतवणारे घ्रेलिन जठरात सापडले. २००२ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात आहार घटवून वजन कमी केलेल्यांमध्ये घ्रेलिन वाढलेले, तर बायपास झालेल्यांमध्ये ते फार कमी आढळले. नंतरच्या अभ्यासांत बायपासचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत, पण शस्त्रक्रिया भुकेच्या संदेशांत फेरफार करते हे स्पष्ट झाले.

१६/
एवढ्या पार्श्वभूमीवर पठाराचे कोडे उलगडते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यातच अनेकांना एक छोटे पठार लागते. आरंभीच्या दिवसांत शरीर ग्लायकोजेन हा साखरेचा साठा वापरते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते, तेही बाहेर पडते. म्हणून वजन भराभर उतरते. आहार थोडा स्थिरावला की साठ्याचा काही भाग आणि त्याबरोबरचे पाणी परत येते. त्या काळात चरबी घटत असली तरी काटा स्थिर दिसतो. हे पठार बहुधा वेगळ्या उपायाशिवाय मागे पडते.

१७/
दुसरे पठार साधारणपणे सहा महिन्यांनंतर, पुष्कळदा वर्ष ते दीड वर्षाच्या सुमारास येते. शंभर किलोच्या देहाला चालवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ७५ किलोच्या देहाला लागत नाही. त्यात स्नायू घटले असतील तर खर्च आणखी उतरतो. वर मिनेसोटात दिसलेली काटकसर असतेच. दुसरीकडे शस्त्रक्रियेनंतर महिन्यागणिक खाण्याची क्षमता थोडी वाढते. जमा आणि खर्च यांचे आकडे जेथे जुळतात, तेथे काटा थांबतो.

१८/
हे थांबणे अपवाद नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २,००० जणांची नोंद ठेवली गेली. वजन एक ते दोन वर्षांत सर्वांत खाली गेले. बायपास गटात ही घट सुमारे ३२ टक्के होती. दहा वर्षांनी ती २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे काही वजन परतले, पण मोठा लाभ टिकला. शस्त्रक्रिया न झालेल्या गटाच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाणही कमी राहिले. ज्याला रुग्ण अपयश म्हणतो, तो पुष्कळदा या आलेखाचा नेहमीचाच टप्पा असतो.

१९/
काट्यावर किती विसंबावे, याचे उत्तर पुण्याजवळच शोधले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत माता व बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला. भारतीय अर्भके वजनाने हलकी असूनही तुलनेने अधिक चरबी बाळगतात, असे त्यात आढळले. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश शास्त्रज्ञ युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याच कारणाने २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेची शिफारस करण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३५, तर आशियाई लोकांसाठी २७.५ ठेवली गेली.

२०/
आता पठार ओलांडण्याचा प्रश्न. पहिली पायरी प्रसेनजिताचीच : माप. वजन एकाच आठवड्यात न हलणे हे पठार नव्हे. काही आठवड्यांची नोंद, कंबरेचा घेर आणि शक्य असल्यास शरीरातील चरबी व स्नायूंचे प्रमाण पाहावे. कपडे सैल होत असतील आणि काटा स्थिर असेल, तर शरीर बदलतच आहे. त्याबरोबर तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ काही दिवस लिहून काढला की जमेची खरी बाजू दिसू लागते.

२१/
त्या नोंदीत एक विशेष गोष्ट आढळते. जठराची नळी दोन भाकऱ्या घेऊ देत नाही, पण तोंडात विरघळणारे आणि घोटाघोटाने पिता येणारे पदार्थ ती अडवत नाही. साखरेचा चहा, त्यात बुडवलेले बिस्किट, सरबत, फरसाण, श्रीखंड यांना वाट सहज मिळते. लोणावळ्याची चिक्की हे तर चपखल उदाहरण : गूळ वा साखर आणि शेंगदाणे, आकाराने लहान, ऊर्जेने भरगच्च. तिचे चार तुकडे पोटाला जाणवत नाहीत, शरीराच्या हिशेबात मात्र पुरते जमा होतात.

२२/
दुसरी पायरी ताटाचा क्रम. प्रथिने आधी, बाकीचे नंतर. शस्त्रक्रियेनंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने असावीत, असे सामान्यतः सांगितले जाते. मूग, मटकी, दही, पनीर, अंडी, मासळी या घरच्या पदार्थांतून, गरज पडल्यास पूरक पावडरीतून, ती मिळू शकतात. जेवताना पाणी न पिणे आणि घास सावकाश चावणे हेही नियम आहेत. तिसरी पायरी स्नायूंची. चालण्याबरोबर वजन उचलण्याचे वा ताकदीचे व्यायाम क्रमाने वाढवले, तर स्नायू टिकतात आणि खर्चाची बाजू सावरते. पुरेशी झोपही तितकीच आवश्यक, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

२३/
एवढे करूनही काटा हलत नसेल किंवा वर चढू लागला, तर ते डॉक्टरांचे काम. थायरॉईडची तपासणी होते. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसोपचारातील औषधांनी वजन वाढू शकते, त्यामुळे चालू औषधे पाहिली जातात. एंडोस्कोपीने जठराची नळी रुंदावली आहे का, हे कळते. भूक आटोक्यात ठेवणारी सेमाग्लुटाइड व तिर्झेपटाइडसारखी औषधे २०२५ मध्ये भारतातही वजनासाठी उपलब्ध झाली. काही निवडक रुग्णांना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. जाणकार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच हा निर्णय व्हावा.

२४/
एक मार्ग मात्र टाळलाच पाहिजे. काटा थांबला म्हणून आधीच अल्प असलेले खाणे आणखी तोडायचे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद करायच्या, एकामागून एक उपवास धरायचे, हा उपाय घातक आहे. शस्त्रक्रियेनंतर लोह, बी-१२ आणि 'ड' जीवनसत्त्व यांची कमतरता सहज होते. सतत उलट्या होत असतील तर थायामिनच्या अभावाने मेंदू व नसांना इजा होऊ शकते. अशा वेळी रुग्णालय गाठण्यात विलंब करू नये. उपासमारीने खर्च आणखी घटतो आणि स्नायूही जातात, म्हणजे पठार उलट लांबते.

२५/
इतिहासात या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन वृत्ती दिसतात. एक शरीराला शिक्षा करते : गौतमाने सोडलेली तपश्चर्या, १९५० च्या दशकातील आतड्याची ती शस्त्रक्रिया, आजचे आंधळे उपवास. दुसरी शरीराचा हिशेब समजून घेऊन त्याच्याशी वाटाघाट करते : विनयातील वेळेचा नियम, प्रसेनजिताचा एकेक घास, चरकाचा क्रम, आजचा पाठपुरावा. पठार ओलांडल्याची उदाहरणे बहुतेक दुसऱ्या बाजूला सापडतात. आणि काही वेळा तज्ज्ञांशी बोलून असेही ठरते की जे वजन गाठले आहे, ते निरोगीपणे टिकवणे हेच पुढचे उद्दिष्ट.

२६/
कोकणातून घाट चढून येणारा प्रवासी मावळात पोहोचला की चढ सरतो आणि सपाटी लागते. त्याचा प्रवास तेथे संपत नसे, फक्त चाल बदलत असे. त्या वाटेवरच्या डोंगरात गोभूति नावाचा एक भिक्षू हाती पात्र घेऊन रोज गावात उतरत होता आणि मिळेल तेवढ्यावर जगत होता. हा नेम त्यानेही एकट्याने पाळला नसावा. भिक्षा वाढणारे गाव होते आणि गुरूची आठवण दगडात ठेवणारा आसाळमितासारखा शिष्य होता. बेडसेला जाणाऱ्यांनी भव्य चैत्यगृह पाहून परतण्यापूर्वी तो छोटा स्तूपही अवश्य पाहावा.